आधी पाय धुवा, त्याचेही!

दिवाळी आटोपली की परदेशी मुलांकडे निघालेले ओळखीचे आईवडील औषधांची यादी घेऊन भेटायला येतात. सहा महिन्यांच्या गोळ्या किती घ्याव्यात, विमानात पाय सुजले तर काय करावे, तिथल्या थंडीत दमा उसळेल का, हे नेहमीचे प्रश्न असतात. अलीकडे त्यांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. मुलाकडे किंवा लेकीकडे कुत्रा असतो. घरातली तरुण मंडळी कामाला लागली की त्याला फिरवून आणण्याचे काम आपसूक आजोबांकडे येते. टोरांटो, शिकागो किंवा मिनियापोलिसच्या जानेवारीत पारा शून्याखाली दहा-पंधरा अंश गेलेला असतो. आजोबा दोन जोड मोजे, हातमोजे, कानटोपी असा सगळा सरंजाम चढवून निघतात आणि कुत्रा मात्र अनवाणी. त्याचे पाय गारठत नाहीत का? त्याला बूट घालावेत का?

यावर दोन टोकांची उत्तरे ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, कुत्री हजारो वर्षे बर्फात राहत आली आहेत, त्यांना कसली थंडी. हे सगळे श्रीमंती चोचले. दुसरा पक्ष बूट, जॅकेट, मफलर असे सगळे विकत आणतो आणि कर्तव्य पार पडले असे समजतो. माझ्या मते दोघांचेही लक्ष चुकीच्या जागी आहे. कुत्र्याचा पाय थंडीसाठी बऱ्यापैकी तयार असतो. तो तयार नसतो तो माणसाने बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेल्या मिठासाठी आणि रसायनांसाठी. त्यामुळे खरी काळजी फिरायला निघण्यापूर्वीपेक्षा घरी परतल्यावर घ्यायची असते, आणि तिला पाच मिनिटे व तांब्याभर कोमट पाणी पुरते.

मी पशुवैद्य नाही, माणसांचा डॉक्टर आहे. कुत्र्याच्या उपचारांबाबत शेवटचा शब्द पशुवैद्याचाच. पण त्वचेला भेग का पडते, रक्तवाहिन्या थंडीत कशा वागतात, विष शरीरात काय करते, याचे मूळ नियम दोघांना सारखेच लागू पडतात. शिवाय पाय हा माझ्या ओपीडीतला रोजचा विषय आहे. त्याचे कारण पुढे येईलच.

पंजाची रचना

कुत्र्याच्या शरीराचे तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते, म्हणजे आपल्याला ताप आल्यावर जेवढे होते तेवढे. अंगावर केसांचे पांघरूण असते, पण पंजाच्या गाद्या उघड्या. वरची त्वचा जाड आणि खरखरीत, तिच्याखाली चरबीचा थर. ही चरबी उशीसारखी धक्के झेलते आणि थंडीलाही अडवते. पण तेवढ्याने भागले नसते. उघड्या गादीतून अंगातली ऊब सतत बर्फात झिरपत राहिली असती, आणि पायात गार झालेले रक्त परत फिरून सगळे अंग गारठवून टाकले असते.

हे टाळण्यासाठी पंजात एक सुरेख व्यवस्था आहे. हृदयाकडून गरम रक्त आणणाऱ्या धमन्या आणि पंजातून गार रक्त परत नेणाऱ्या बारीक शिरा तिथे एकमेकींना अगदी खेटून असतात. खाली जाणारे गरम रक्त आपली ऊब वर येणाऱ्या गार रक्ताला देऊन टाकते. त्यामुळे पंजापर्यंत पोचणारे रक्त आधीच थोडे निवलेले असते आणि शरीराकडे परतणारे रक्त पुन्हा उबदार झालेले असते. ऊब घरातल्या घरात फिरते, बाहेर फार जात नाही. पंजा फारच गार पडू लागला की धमनी आणि शीर यांना थेट जोडणारे मार्ग उघडतात आणि तिथे जास्त गरम रक्त सोडले जाते. जपानमधील संशोधकांनी कुत्र्याच्या पंजातील रक्तवाहिन्यांचे साचे तयार करून ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा हे जाळे स्पष्ट दिसले. पेंग्विनच्या पायातही अशीच सोय असते.

ही व्यवस्था किती ताण सोसू शकते, याची कल्पना १९७२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासावरून येते. त्यात लांडगा आणि आर्क्टिक कोल्हा यांचे पाय उणे ३५ अंशांच्या द्रवात बुडवून पाहण्यात आले. तरीही गादीचे तापमान उणे एक अंशाच्या आसपास, म्हणजे ऊती गोठण्याच्या जेमतेम वर, टिकून राहिले. शरीर तिथे नेमके तेवढेच रक्त सोडत होते. गोठू द्यायचे नाही, पण ऊबही उधळायची नाही, असा हिशेब.

एवढे वाचून पहिला पक्ष खूश होईल. पण लांडगा लांडगा असतो आणि सोफ्यावर झोपणारा कुत्रा कुत्रा. हस्की, मॅलाम्यूट, सामोयेड या जातींच्या अंगावर दुहेरी केस असतात आणि त्यांची पिढ्यान् पिढ्यांची निवडच थंडीसाठी झाली आहे. आखूड केसांचा डॉबरमन, जमिनीलगत चालणारा डॅशहंड, छोटा चिवावा किंवा स्थलांतर करताना पुण्या-मुंबईहून सोबत नेलेला आपला गावठी कुत्रा यांची गोष्ट वेगळी. पिल्ले, म्हातारी कुत्री, हृदयविकार, मधुमेह किंवा हॉर्मोनचे आजार असलेली कुत्री यांची तापमान सांभाळण्याची ताकद कमी असते. पाय आणि अंग ओले असेल, वारा असेल, तर थंडीचा मारा कितीतरी वाढतो. पारा उणे सातच्या आसपास उतरला की अशा कुत्र्यांना थोडक्यात परत आणावे, आणि त्याहून खाली गेला की धडधाकट कुत्र्याचीही फेरी आखूड करावी, हा व्यवहार्य नियम आहे. त्याहून भरवशाचा इशारा कुत्रा स्वतःच देतो. तो एकेक पाय उचलू लागला, चालता चालता थबकला, कापू लागला किंवा घराकडे ओढू लागला की फेरी संपली. राहिलेली पावले मोजत बसू नये.

आईस्क्रीमचे पॉट आणि रस्त्यावरचे मीठ

जुन्या घरांत उन्हाळ्यात लाकडी बादलीचे आईस्क्रीमचे पॉट फिरवले जाई, ते अनेकांना आठवत असेल. बादलीत बर्फ भरताना त्यात जाडे मीठ घालावे लागे. नुसत्या बर्फाने दूध थंड होते, पण आईस्क्रीम धरत नाही. मिठामुळे बर्फ वितळतो, वितळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो आणि मिश्रणाचे तापमान शून्याच्या बरेच खाली, पार उणे २१ अंशांपर्यंत जाऊ शकते. त्या खाऱ्या पाण्यात हात घातला की कशी कळ जाते, हे पॉट फिरवणाऱ्याला विचारा.

थंड देशांत हेच मीठ रस्त्यांवर टाकतात. अमेरिकेत त्याची सुरुवात १९३८ साली न्यू हॅम्पशायर राज्यात प्रयोग म्हणून झाली. आज त्या देशात दर वर्षी दोन कोटी टनांच्या आसपास मीठ रस्त्यांवर पडते. मोटारी घसरू नयेत म्हणून ते टाकतात आणि त्यामुळे माणसांचे जीव वाचतात, हे मान्यच केले पाहिजे. पण फुटपाथवर, इमारतीच्या दारात, घरासमोरच्या पायऱ्यांवर जे पसरलेले असते, त्यातून कुत्रा अनवाणी चालतो.

त्याच्या पायाला काय होते ते पाहू. कोरडा बर्फ गादीला वरवर टेकतो. मिठाने केलेला लगदा मात्र द्रव असतो, शून्याखाली असूनही पातळ असतो आणि बोटांच्या बेचक्यात शिरून चिकटून बसतो. म्हणजे ओल आणि गारठा दोन्ही एकदम. त्यात मीठ त्वचेतला ओलावा शोषून घेते. कोरडी पडलेली गादी तडकते, भेगा पडतात आणि त्या भेगांत पुन्हा मीठ जाते. जखमेवर मीठ चोळणे हा आपल्याकडे वाक्प्रचार आहे, इथे तो शब्दशः घडतो. मिठाचे अणकुचीदार खडे बोटांमध्ये रुततात ते वेगळेच. फार थंडीत साधे मीठ चालेनासे होते, म्हणून कॅल्शियम क्लोराइड वापरतात. ते पाण्यात विरघळताना उष्णता सोडते आणि ओल्या त्वचेला भाजल्यासारखी इजा करू शकते. बोटांमधल्या लांब केसांत बर्फाच्या गुठळ्या धरतात आणि बुटात खडा गेल्यावर आपले जे होते, ते त्याचे होते.

पाय चुरचुरू लागला की कुत्रा एकच उपाय जाणतो, तो म्हणजे चाटणे. चाटण्यातून मीठ पोटात जाते. थोडे गेले तर लाळ, उलटी, जुलाब, खूप तहान. दर किलो वजनामागे दोन ग्रॅमच्या आसपास मीठ गेले तर विषबाधेची लक्षणे दिसू लागतात आणि चार ग्रॅमच्या आसपास ते जिवावर बेतू शकते. दहा किलोच्या कुत्र्यासाठी धोक्याची सुरुवात वीस ग्रॅमला, म्हणजे तीन-चार चमचे मिठाला होते. पंजे चाटून सहसा एवढे जात नाही. पण गॅरेजमध्ये उघडी ठेवलेली मिठाची पिशवी, किंवा तहानेने प्यायलेले रस्त्याकडेचे डबक्यातले पाणी यांतून ते जाऊ शकते. आणि रोज थोडे थोडे चाटून पायाची त्वचा सतत ओली राहते, तिथे जंतुसंसर्ग होतो. वरवर दिसते ते फक्त ‘हा हल्ली पाय फार चाटतो’ एवढेच.

मिठापेक्षा भयंकर शत्रू दुसराच आहे. मोटारीच्या रेडिएटरमधले पाणी गोठू नये म्हणून घालतात ते अँटिफ्रीझ. त्यातले एथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर असते. गळक्या गाडीखाली, पार्किंगमध्ये ते सांडलेले असते. कुत्रा ते चाटतो, किंवा त्यातून चालून आल्यावर पंजे चाटतो. यकृतात त्यापासून विषारी आम्ले तयार होतात, त्यांतल्या ऑक्झॅलिक आम्लाचे कॅल्शियमशी जुळून स्फटिक बनतात आणि ते मूत्रपिंडे निकामी करतात. शुद्ध द्रव असेल तर दर किलो वजनामागे साधारण एक लहान चमचा एवढेही प्राणघातक ठरते. फसवी गोष्ट म्हणजे त्याचा क्रम. पहिल्या काही तासांत कुत्रा दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, उलट्या करतो. मग तो सुधारल्यासारखा वाटतो आणि घरचे निर्धास्त होतात. दीड-दोन दिवसांनी लघवी बंद होते, तोवर वेळ हातची गेलेली असते. उतारा आहे, पण तो पहिल्या आठ-बारा तासांत मिळाला तरच खात्रीचा. अमेरिकेतील उत्पादकांनी २०१२ च्या अखेरीस किरकोळ विक्रीच्या अँटिफ्रीझमध्ये कडू द्रव्य घालण्याचे मान्य केले, पण कडवटपणाला प्रत्येक कुत्रा दाद देतोच असे नाही. याच कुळातल्या डायएथिलीन ग्लायकॉलने १९८६ साली मुंबईत ग्लिसरीनमध्ये भेसळ होऊन १४ रुग्णांचे बळी घेतले आणि त्यावर लेंटिन आयोग बसला. त्यामुळे माझ्या पिढीच्या डॉक्टरांना ‘ग्लायकॉल’ हा शब्द ऐकताच धस्स होते. फेरीनंतर कुत्रा झिंगल्यासारखा दिसला तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका. त्याच रात्री पशुवैद्याकडे न्या.

मग बूट घालावेत का?

इथे अलास्कातल्या स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांकडे पाहण्यासारखे आहे. अलास्कातील नोम हे गाव डॉक्टरांना घटसर्पामुळे ठाऊक आहे. १९२५ च्या जानेवारी अखेरीस तिथे घटसर्पाची साथ आली, तेव्हा वीस चालक आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी साखळी पद्धतीने ६७४ मैल अंतर साडेपाच दिवसांत तोडून प्रतिविष पोचवले. आजही अँकरेज ते नोम अशी सुमारे सोळाशे किलोमीटरची इडिटारॉड शर्यत होते. थंडीसाठीच घडलेले हे कुत्रे. तरीही शर्यतीच्या नियमांनुसार चालकाला प्रत्येक कुत्र्यामागे आठ बूट बाळगावे लागतात. हे बूट म्हणजे कापडाची साधी पिशवी असते, तिला ऊबदार अस्तर वगैरे नसते. ती पाय गरम ठेवण्यासाठी नसतेच. खरबरीत बर्फाने गादी सोलवटू नये आणि बोटांत गुठळ्या धरू नयेत यासाठी ती असते.

शहरातल्या बुटांकडेही असेच पाहावे. ज्या रस्त्यावर भरपूर मीठ आहे, ज्या कुत्र्याच्या गादीला आधीच भेग आहे, जो म्हातारा किंवा आजारी आहे, त्याला बूट जरूर घाला. माप नीट घ्या. सैल बूट गळून पडतो, घट्ट बूट रक्तपुरवठा तोडतो आणि मग थंडीने जे झाले नसते ते बुटाने होते. आधी घरात पाच-दहा मिनिटे घालून सवय करा. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांतूनच, म्हणून घरी आल्यावर बूट लगेच काढा आणि पाय कोरडे करा. काही कुत्री बूट घातल्यावर जागची हलत नाहीत. त्यांच्यावर जबरदस्ती करू नये. त्यांच्यासाठी मेणाचे मलम किंवा व्हॅसलिनचा पातळ थर निघण्यापूर्वी गादीला लावावा. मीठ त्वचेला थेट लागत नाही आणि नंतर धुणे सोपे जाते. बोटांमधले केस गादीच्या पातळीपर्यंत कापून ठेवावेत.

पण यांपैकी काहीही केले तरी परत आल्यावरची पाच मिनिटे टळत नाहीत. आपल्याकडे बाहेरून आल्यावर पाय धुऊन घरात यायची जुनी रीत आहे. तीच कुत्र्यालाही लावायची. दाराशी पसरट भांड्यात कोमट पाणी घ्यावे, कोपर बुडवून सोसेल एवढेच कोमट. एकेक पंजा त्यात बुडवून बोटांच्या बेचक्यांतून हळूच बोट फिरवावे. पोटाखालचे केसही ओल्या फडक्याने पुसावेत, कारण बुटक्या कुत्र्यांच्या पोटाला मीठ लागते. मग बोटांमधली जागा नीट कोरडी करावी. गुठळ्या ओढून काढू नयेत, पाण्यात वितळू द्याव्यात. शेवटी पंजा उजेडात धरून पाहावा: भेग आहे का, रक्त आहे का, लाली आहे का, नख तुटले आहे का.

कानाचे टोक, शेपटीचे टोक किंवा पंजाची कातडी फिकट, करडी-निळसर आणि कडक लागली तर तो हिमदंश असू शकतो. अशा वेळी चोळू नका, हेअर ड्रायर किंवा शेगडी लावू नका. उबदार खोलीत, कोमट पाण्याने हळूहळू ऊब द्या आणि पशुवैद्याला गाठा. नुकसान किती झाले ते कळायला काही दिवस जातात. आणि एक गोष्ट डॉक्टर म्हणून बजावून सांगतो: आपल्या औषधांच्या डब्यातली दुखण्याची गोळी कुत्र्याला देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडे बिघडतात. आपण गुडघ्याला लावतो ते वेदनाशामक मलम त्याच्या पंजाला लावले तर तो ते चाटणार, म्हणजे गोळी दिल्यासारखेच झाले.

फिरवणाऱ्याचे पाय

कुत्र्याच्या चार पायांची चर्चा करताना फिरवणाऱ्याच्या दोन पायांना विसरू नये. ‘जामा सर्जरी’ या नियतकालिकात २०१९ साली आलेल्या अभ्यासानुसार, अमेरिकेत ६५ वर्षांवरील व्यक्तींना दोरीला बांधलेला कुत्रा फिरवताना झालेल्या अस्थिभंगांची वार्षिक संख्या २००४ मध्ये अंदाजे १,६७१ होती, ती २०१७ मध्ये ४,३९६ वर गेली. त्यांत सुमारे ७९ टक्के स्त्रिया होत्या आणि सर्वाधिक मोडलेले हाड होते खुब्याचे. हा आकडा सगळ्या ऋतूंचा आहे. त्यात पायाखाली काचेसारखा बर्फ आला की काय होईल, ते सांगायला नको. सत्तरीतल्या माणसाचा खुबा मोडणे म्हणजे शस्त्रक्रिया, अंथरूण आणि परदेशातले बिल. दोरी मनगटाला गुंडाळू नका, हातात धरा. खाली पकड असलेले बूट घाला, छोटी पावले टाका, हात खिशात घालू नका. आदल्या रात्री पाऊस पडून गोठला असेल, तर त्या दिवशी कुत्र्याला अंगणात सोडून आत घ्या. त्याला एक फेरी चुकली तर काही बिघडत नाही.

दुसरी बाजू शहराची आहे. मीठ टाकले की ते नाहीसे होत नाही. वितळलेल्या पाण्याबरोबर ते गटारात, तिथून नदीत, तळ्यात आणि भूजलात जाते. कॅनडाच्या सरकारने २००१ मधील मूल्यमापनात रस्त्यावरचे मीठ पर्यावरणाला हानिकारक ठरवले आणि पुढे त्याच्या वापरासाठी संहिता आणली. पण सरकारी गाड्यांइतकेच मीठ खासगी दारांत, दुकानांसमोर आणि पार्किंगमध्ये पडते आणि तिथे ‘जास्त टाकले म्हणजे जास्त सुरक्षित’ असा समज असतो. मिनेसोटा राज्याच्या प्रदूषण नियंत्रण यंत्रणेचा सल्ला असा की वीस फुटांच्या घरासमोरच्या वाटेला कॉफीचा एक मोठा मग भरून मीठ पुरते. आधी फावड्याने बर्फ काढावा, मग गरजेपुरते मीठ टाकावे, रस्ता सुकल्यावर उरलेले खडे झाडून घ्यावेत, फार थंडी असेल तर पकड मिळण्यासाठी वाळू टाकावी. ‘पाळीव प्राण्यांसाठी सुरक्षित’ असे छापलेली पाकिटे मिळतात. त्यातले पदार्थ सहसा कमी चुरचुरतात एवढेच. ‘सुरक्षित’ शब्दावर विसंबून पाय धुणे सोडू नये. आपल्या मुलांच्या घरासमोर किती मीठ पडते, हे ठरवणे तर आपल्याच हातात आहे. ते कमी झाले तर फक्त आपल्या नव्हे, शेजारच्या कुत्र्याचेही पाय वाचतील.

आता महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर आला, महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी हिमकण दिसले की बातम्या येतात आणि शहरांतल्या दुकानांत कुत्र्यांचे बूट दिसू लागतात. आपल्या थंडीत निरोगी कुत्र्याच्या पंजाला बुटांची गरज नाही. ते पैसे वाचवा. म्हाताऱ्या कुत्र्याला झोपायला जाड गोणपाट किंवा गोधडी द्या, थंड फरशीपासून उचला, एवढे पुरे. पंजाची खरी कसोटी आपल्याकडे मार्च ते जूनमध्ये लागते. १९७० साली ‘जामा’त आलेल्या नोंदींनुसार हवा २५ अंश असताना उन्हातले डांबर ५२ अंशांपर्यंत तापलेले आढळले, आणि हवा तीस-एकतीस अंश असताना ६० च्या वर. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याचा मे महिना याहून कुठल्या कुठे जातो. थंडी सोसायला पंजात जशी व्यवस्था आहे, तशी भाजणाऱ्या डांबरासाठी नाही. आपल्या हाताचा मागचा भाग सात सेकंद रस्त्यावर टेकवता येत नसेल, तर कुत्र्याला त्यावरून नेऊ नये. डिसेंबरात स्वेटर घालून मिरवलेला कुत्रा एप्रिलच्या दुपारी डांबरावरून ओढला जाताना पाहिला की आपली माया हवामान पाहून नव्हे, बाजार पाहून ठरते असे वाटते.

माझ्या ओपीडीत पाय रोज का येतात, ते आता सांगतो. देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दिसले. त्यातल्या अनेकांच्या तळपायांची संवेदना हळूहळू जाते. खिळा रुतला तरी कळत नाही. दुखत नाही म्हणून ते पाहत नाहीत, आणि पाहत नाहीत म्हणून जखम बोटापर्यंत, बोटाची पायापर्यंत जाते. आम्ही त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो: रोज रात्री पाय धुवा, कोरडे करा, उजेडात पाहा, दिसत नसेल तर घरच्यांना पाहायला सांगा. कुत्र्याला संवेदना असते, पण वाचा नसते. शिवाय तो दुखणे लपवतो आणि मालकाबरोबर फिरायला मिळावे म्हणून लंगडतही चालतो. दोघांसाठी उपाय मात्र एकच, दुसऱ्या कुणीतरी तो पाय रोज हातात घेऊन पाहणे. महागडे बूट घातले तरी हे काम उरतेच.

म्हणून परदेशी निघालेल्या आजोबांनो, गोळ्यांच्या यादीखाली एक ओळ वाढवतो. सामानात एक जुना, मऊ झालेला पंचा टाका. तो पाणी चटकन टिपतो आणि लवकर वाळतो. तिकडे पोचलात की दाराजवळ खिळ्याला टांगून ठेवा. फेरी झाली की आधी आपले बूट काढा, मग त्याचे पाय धुवा आणि एकेक बोट वेगळे करून कोरडे करा. ते करताना तुम्ही मधुमेही असाल, तर त्याच उजेडात स्वतःचे तळपायही पाहून घ्या.